सेटवरची प्रेमकादंबरी कशी लिहावी: नव्या लेखकांसाठी

मालिकेच्या सेटवर नायक-नायिका खरोखरच प्रेमात पडतात, ही कल्पना नव्या लेखकांना फार खुणावते. खुणावणारच. आपल्याकडे सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर, रितेश देशमुख आणि जेनेलिया या जोड्या घरातल्या माणसांसारख्या ओळखीच्या आहेत. वाचकालाही हा विषय आवडतो, कारण कॅमेऱ्यासमोर जे दिसतं त्याच्या मागे काय चाललंय हे कुतूहल कधी संपत नाही.

तरीही या विषयावरची बरीच हस्तलिखितं मधेच विरतात आणि त्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. पहिल्या प्रकरणात दिवे, कॅमेरा, ‘ॲक्शन’, ‘कट’ असं सगळं येतं आणि मग सेट गायब होतो. पुढे दोघं कॉफी पितात, मरीन ड्राइव्हला जातात, भांडतात, रडतात. ते दोघं बँकेत नोकरीला असते तरी कादंबरीत काही फरक पडला नसता. अनेक वर्षं मालिकांचे संवाद लिहिताना मी सेट जवळून पाहिला आहे आणि माझं मत पक्कं आहे: या कादंबरीतलं प्रेम कामातूनच उगवलं पाहिजे आणि कामानेच त्याच्यावर संकट आणलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: कोणता सेट, ते ठरवा

चित्रपट, मालिका आणि नाटक या तीन ठिकाणी नट एकत्र येतात, पण तिन्हींचा काळ वेगळा. मराठी चित्रपटाचं चित्रीकरण साधारण महिना-दीड महिन्यात उरकतं. तिथलं प्रेम झपाट्याचं, आणि बहुतेक वेळा गावाबाहेरचं. नाटकाचं प्रेम दौऱ्याच्या बसमध्ये आणि विंगेत वाढतं. मालिकेचं मात्र रोज बारा तासांचं, महिनोन्‌महिने चालणारं. पहिलीच कादंबरी असेल तर मालिका घ्या असं मी सांगेन. रोजच्या सवयीतून माणूस माणसाला कसा कळत जातो हे दाखवायला तिथे जागा भरपूर आहे.

चित्रपट घेतलात तर एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. ‘मदर इंडिया’च्या चित्रीकरणात, गुजरातमध्ये, आगीच्या दृश्यात नर्गिस ज्वाळांमध्ये अडकल्या आणि सुनील दत्त यांनी त्यांना बाहेर काढलं. १९५८ साली दोघांनी लग्न केलं. आगीचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. लेखकाच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे: पडद्यावर ती दोघं आई आणि मुलगा होती. चित्रपट लोकांच्या मनात ताजा असताना हे लग्न म्हणजे केवढा पेच! अडथळा कामातून येतो म्हणजे काय, ते इथे स्वच्छ दिसतं.

दुसरी पायरी: सेटचा दिवस तोंडपाठ करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मुंबईत मराठी मालिकांचे सेट गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांमध्ये, ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला लागतात. कोल्हापूर, सातारा, नाशिककडेही मालिका चालतात. चित्रनगरी १९७७ सालची, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून. तिथे बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि रात्रपाळीला माणसं एकेकटी फिरत नाहीत. हे वाक्य वाचताना तुमच्या मनात एखादा प्रसंग आला असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

दिवस कॉल टाइमने, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या ठरलेल्या वेळेने, सुरू होतो. सातची शिफ्ट असेल तर नायिकेला केस, मेकअप, नऊवारी किंवा साडी यासाठी त्याच्याही आधी यावं लागतं. नायक तासाभराने येतो, पोहे खातो, तयार होतो. दोघांची पहिली भेट आरशात होते, मेकअप रूमच्या, अर्ध्या मेकअपमध्ये. पडद्यावरचा चेहरा चढण्याआधीचा चेहरा रोज पाहणारी माणसं जगात फार थोडी असतात. प्रेमकथेसाठी याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

मग सीन हातात येतो. बँक कमी असेल, म्हणजे तयार भागांचा साठा संपत आला असेल, तर सीन सकाळीच लिहून येतो आणि नट मेकअपच्या खुर्चीतच पाठ करतात. रिहर्सल होते. कॅमेऱ्यासकट केलेल्या रिहर्सलला ‘मॉनिटर’ म्हणतात: “चला, एक मॉनिटर करू.” आधी मास्टर, ज्यात सगळे दिसतात. मग एका बाजूचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले चेहऱ्याचे शॉट. मग प्रकाशयोजना फिरवायची आणि दुसऱ्या बाजूचे क्लोज.

हे ‘लाइट फिरवणं’ नीट लक्षात घ्या. लाइट दादा स्टँड हलवतात, प्रकाश अडवायला कटर लावतात, थर्माकोल धरून प्रकाश उचलतात. तेवढा वेळ नटांना काही काम नसतं. व्हॅनिटी किंवा मेकअप रूम लांब असेल तर ते सेटवरच थांबतात, खोट्या घराच्या खऱ्या सोफ्यावर. दिवसातून असे कितीतरी तुकडे मिळतात आणि तुमची कादंबरी बहुतांशी या तुकड्यांत घडणार आहे. टेकमध्ये घडणारं प्रेम लेखकाने लिहिलेलं असतं. लाइट फिरत असताना घडणारं त्या दोघांचं.

सेटवर एक न लिहिलेला शिष्टाचार आहे. समोरच्याच्या क्लोजच्या वेळी तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून त्याला क्यू द्यायचा, म्हणजे तुमची वाक्यं म्हणायची. कधी तुमचा खांदा फ्रेमच्या कडेला हवा असतो, त्याला ‘सजेशन’ म्हणतात. पण दमलेले, घाई असलेले किंवा मोठं नाव झालेले नट आपले क्लोज संपले की निघून जातात. मग असिस्टंट डायरेक्टर सपाट आवाजात वाक्यं वाचतो आणि समोरचा नट एखाद्या स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या फुलीकडे बघून प्रेमाची कबुली देतो. कोण कोणाला क्यू द्यायला थांबतं, कोण थांबायचं बंद करतं, भांडण झाल्यावरही कोण थांबतं, एवढ्या एका धाग्यावर तुम्ही पूर्ण कादंबरी पेलू शकता.

आणखी काही गोष्टी, ज्या मला सोन्याच्या वाटतात:

लेपल माइक कपड्यांच्या आत लावलेला असतो आणि दोन टेकच्या मधे तो कुणी काढत नाही. म्हणजे दोघं कोपऱ्यात जे कुजबुजतात ते साउंड रेकॉर्डिस्टच्या हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू जाऊ शकतं. सेटवर सगळ्यात आधी कुणाला कळेल? त्याला. तो सांगेल का कुणाला? हे पात्र मला कादंबरीत हवंच आहे.

कंटिन्युइटी सांभाळणारा असिस्टंट प्रत्येक सीननंतर फोनवर फोटो काढून ठेवतो. टिकली कुठली, मंगळसूत्र पदराच्या वर की खाली, केस कुठल्या खांद्यावर. नायिकेच्या बोटात एक दिवस नवी अंगठी दिसली तर “मॅम, ही काल नव्हती” असं म्हणणारा पहिला माणूस तोच. बहिणीच्या लग्नाला तिने हातावर मेंदी काढली तर त्याची झोप उडते.

पंखे आणि एसी टेकच्या वेळी बंद करतात, कारण आवाज थेट रेकॉर्ड होतो. मे महिन्यात शालू नेसून, दिव्यांखाली, पंखा बंद. घाम टिपायला मेकअप दादा टिश्यू घेऊन उभे असतात. ‘उन्हाळ्याचे दिवस होते’ लिहिण्यापेक्षा हे लिहा.

सेटवर हाक मारायची रीत सांभाळा. स्पॉट दादा, मेकअप दादा, लाइट दादा, हेअरच्या ताई. दिग्दर्शकाला ‘सर’, ज्येष्ठ अभिनेत्रीला ‘ताई’, कधी ‘मावशी’. मालिकेत सासूचं काम करणाऱ्यांना सेटवरही पुष्कळदा ‘आई’ म्हणतात. बरोबरीचे नट एकमेकांना पहिल्याच आठवड्यात ‘अरे-तुरे’ करतात. त्यामुळे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा जुना गोड प्रसंग तुम्हाला इथे आयता मिळणार नाही. उलट पडद्यावर ती त्याला ‘अहो’ म्हणते आणि सेटवर ‘ए माकडा’. कधीतरी कॅमेरा बंद असताना तिच्या तोंडून ‘अहो’ निघून गेलं तर? हे जपून, एकदाच वापरा.

माहिती मिळवायची कशी? चित्रनगरीत वाटेल तेव्हा आत सोडत नाहीत, आणि नटांच्या मागे लागून काही मिळत नाही. असिस्टंट डायरेक्टर, कपडेपटातली माणसं, हेअर ड्रेसर यांच्याशी बोला. त्यांना कुणी काही विचारत नाही आणि त्यांनी पाहिलेलं असतं सगळं. दिग्दर्शकाची परवानगी मिळाली तर दिवसभर सेटवर एका कोपऱ्यात बसा, फोन बाजूला ठेवून. आणि जुन्या अभिनेत्रींची आत्मचरित्रं वाचा. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ वाचल्यावर सेटवरच्या बाईच्या आयुष्याबद्दल गुळगुळीत लिहिणं तुम्हाला जमणारच नाही.

तिसरी पायरी: दोघांना मालिकेकडून काय हवंय?

‘ती सुंदर, तो देखणा’ एवढ्यावर भागत नाही, सेटवर सगळेच बरे दिसतात. प्रत्येकाची या कामाशी गाठ काय, ते आधी लिहून काढा. समजा ती अमरावतीची, एकांकिका करत आलेली, कांदिवलीला तिघींत मिळून फ्लॅट घेऊन राहणारी. नटांचे पैसे दिवसावर ठरतात आणि हातात यायला तीन-तीन महिने लागू शकतात. महिन्यात किती दिवस तिला बोलावलं यावर तिचं भाडं अवलंबून आहे. तो पुण्याचा, पुरुषोत्तम करंडकात गाजलेला, ‘मालिका एवढी एकच, मग फक्त नाटक’ असं मित्रांना सांगून आलेला. तिला ही मालिका जितकी जास्त चालेल तितकी हवी. त्याला वर्षभरात सुटायचंय. झालं, प्रेमाआधीच तुमच्याकडे पेच तयार आहे, आणि कुणीही वाईट माणूस नाही.

बोलीचा उपयोग जरूर करा. मालिकेत ती शुद्ध पुणेरी बोलते, घरी फोनवर आईशी ‘काहून’ आणि ‘कायले’. चिडली की सेटवरही तेच येतं. तिची बोली त्याने पहिल्यांदा कधी ऐकली, हे प्रकरण लिहायला मला फार आवडेल.

दुय्यम पात्रं थोडी ठेवा, पण ज्यांना ठेवाल त्यांना काम द्या. हेअरच्या ताई, साउंडवाले दादा, पडद्यावरची सासू. तिसऱ्या कोनातला मत्सरी नट मात्र शक्यतो टाळा, तो इतक्यांदा येऊन गेलाय.

चौथी पायरी: अडथळा

गैरसमजावर कादंबरी रेटू नका. तिने त्याला दुसरीबरोबर पाहिलं, तो काही न विचारता निघून गेला, हे एका फोनने सुटणारं असतं आणि वाचकाला ते कळतं. मालिकेच्या धंद्यात खरे अडथळे ढिगाने आहेत. गुरुवारी रेटिंग येतं. आकडा पडला की चॅनेलमधून फोन येतो आणि ट्रॅक बदलतो: दोघांना वेगळं करा, लीप घ्या म्हणजे गोष्ट काही वर्षं पुढे न्या, नायकाला अपघात करा. लीप घेतली की तिला अचानक दहा वर्षांच्या मुलाची आई व्हावं लागतं. ती नाही म्हणाली तर तिच्या जागी दुसरी येते, त्याच भूमिकेत, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या नव्या मुलीकडे त्याच नजरेने बघायचं असतं. याहून क्रूर प्रसंग मुद्दाम रचावा लागत नाही.

दुसरा अडथळा: जोडी लोकांना आवडू लागते. चाहते दोघांची नावं जोडतात, रील्स करतात. प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांना वाटतं, हे थोडं वाढवू या. एकत्र मुलाखत, पुरस्कार सोहळ्यात एकत्र नाच. आता तो सगळ्यांसमोर तिचा हात धरतो तेव्हा ती काय समजणार? सगळ्या जगाला जे खरं वाटतंय त्याबद्दल फक्त तिलाच शंका आहे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कसदार पेच हा आहे, आणि तो कादंबरीच्या बरोबर मध्यावर यायला हवा.

इथेच एक गंभीर बाब. सेट हे कामाचं ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तो निर्मितीसंस्थांनाही लागू होतो आणि दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. मल्याळम चित्रपटसृष्टीची पाहणी करणाऱ्या केरळच्या हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांपुढे आला आणि सेटवर अभिनेत्रींना काय काय सोसावं लागतं ते उघड झालं. हे डोळ्यांआड करून ‘दिग्दर्शक तिच्यावर ओरडतो, तिचा अपमान करतो आणि मग ती त्याच्याच प्रेमात पडते’ असं आज लिहू नका. ज्याच्या हातात तिचं काम आहे त्याला ती नकार देऊ शकते का, हा प्रश्न तुमच्या कादंबरीने टाळता कामा नये. दोघं बरोबरीचे असतील तर तो सोपा होतो. तसे नसतील तर जो वरचढ आहे त्याला मागे थांबायला लावा आणि पुढचं पाऊल दुसऱ्याला टाकू द्या. जवळिकीचा सीन लिहिताना तर हे नक्की दाखवा: कुठे हात ठेवला तर चालेल, कुठे नाही, हे दोघं आधी बोलून घेतात. हल्ली त्यासाठी प्रशिक्षित इंटिमसी कोऑर्डिनेटर असतात, मालिकांच्या सेटवर क्वचित. म्हणून ते बोलणं या दोघांनाच करावं लागतं, अवघडत, हसत. त्या अवघडलेपणात प्रेम जेवढं दिसेल तेवढं मिठीत दिसणार नाही.

पाचवी पायरी: कथेतली कथा आवरा

कादंबरीत दोन गोष्टी चालू असतात, त्या दोघांची आणि त्यांच्या मालिकेची. मालिकेची गोष्ट वाढवू नका, वाचक दोन-दोन कुटुंबांचे नातेवाईक लक्षात ठेवणार नाही. मालिकेतले तेवढेच सीन दाखवा जे खऱ्या आयुष्याला टोचतात. काल खरोखर भांडण झालंय आणि आज लग्नाचा महाएपिसोड आहे, असे.

चित्रीकरण क्रमाने होत नाही, याचा फायदा घ्या. हॉलमधले सगळे सीन आधी, बेडरूमचे नंतर, आउटडोअर तारखा मिळतील तेव्हा. नायिका सकाळी नवऱ्याच्या आठवणीने रडते आणि दुपारी त्याच्याशी पहिल्यांदा बोलते. खऱ्या प्रेमाला मात्र एकच क्रम असतो.

आता लिखाण कसं व्हावं ते दाखवतो. पहिल्या मसुद्यात साधारण असं येतं:

“रेवतीने अनिकेतच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचं हृदय धडधडू लागलं. सेटवरचे सगळे दिवे फिके पडले. हा अभिनय नव्हता, हे तिला कळून चुकलं.”

यात खोटं काही नाही, पण हे कुठेही घडू शकतं. वर सांगितलेल्या गोष्टी वापरून तोच क्षण असा लिहून पाहा:

रेवतीचे क्लोज साडेसातलाच संपले होते. तिची गाडी गेटवर येऊन थांबली होती.

“मॅम, तुम्ही निघा. क्यू मी देतो,” असिस्टंट म्हणाला.

तिने पर्समधून केसांची क्लिप काढली आणि परत आत टाकली. “किती राहिलेत त्याचे?”

“दोनच. एक क्लोज, एक टाइट.”

ती कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, कटरच्या स्टँडशेजारी जमिनीवर बसली. तिथून त्याच्या नजरेची दिशा बरोबर येत होती. सकाळपासून सीनच्या बाहेर दोघं एका शब्दाने बोलले नव्हते.

“पंखा बंद. साउंड?”

“रोलिंग.”

“जा तुम्ही,” रेवती म्हणाली. “मी अडवणार नाही.” दिवसभरात हे वाक्य तिने कितीदा म्हटलं होतं. आता कॅमेरा तिच्याकडे नव्हता आणि नेमका आत्ताच तिचा आवाज फाटला.

अनिकेत पुढचं वाक्य विसरला.

“कट. काय रे, काय झालं?”

“सॉरी सर. लगेच देतो.”

साउंडवाल्या दादांनी हेडफोन एका कानावरून थोडा सरकवला आणि मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसले.

यात ‘प्रेम’ हा शब्द नाही, हृदय नाही, डोळ्यांचं वर्णन नाही. ती थांबली, एवढंच घडतं. पण ती थांबली याचा अर्थ वाचकाला कळावा म्हणून क्यू देण्याची रीत तुम्ही आधीच्या एखाद्या हलक्याफुलक्या प्रकरणात दाखवून ठेवलेली हवी. तिथेच समजावत बसलात तर क्षण हातचा गेला. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगासाठी अशी तजवीज आधी करून ठेवा.

आउटडोअरचं एक प्रकरण ठेवाच. वाईजवळ मेनवलीचा कृष्णेवरचा घाट, किंवा कोकणातलं एखादं गाव. मुंबईत पॅकअप झाल्यावर जो तो आपल्या घराकडे पळतो. बाहेरगावी पॅकअपनंतरही सगळे एकाच हॉटेलात, आणि संध्याकाळ मोकळी. सेटच्या नियमांतून दोघं पहिल्यांदाच सुटतात. शिवाय घाटावर शूटिंग बघायला गर्दी जमते आणि त्यातली एखादी आजी तिला मालिकेतल्या नावाने हाक मारून म्हणते, “नवऱ्याला सोडू नकोस गं बाई.”

सहावी पायरी: पॅकअपनंतर

बहुतेक लेखक मालिकेच्या शेवटच्या दिवशी दोघांना मिठीत घेऊन थांबतात. माझा आग्रह आहे की कादंबरीचा शेवटचा तिसरा हिस्सा मालिका संपल्यावर सुरू व्हावा. मालिका बंद होते तीही साधेपणाने नाही. आठ-दहा दिवस आधी कळतं, घाईने शेवट लिहिला जातो, शेवटच्या दिवशी केक कापतात आणि लगेच सेट मोडायला माणसं येतात. ज्या भिंतींत हे प्रेम वाढलं त्या प्लायवुडच्या होत्या.

आता दोघांना रोज भेटायला कारण उरलं नाही. कॉल टाइम नाही, एकत्र जेवण नाही, कुणी लिहून दिलेलं वाक्य नाही. तो नाटकाच्या दौऱ्यावर आहे, ती नव्या मालिकेत नव्या नायकाकडे त्याच नजरेने बघते आहे आणि तो ते दौऱ्यातल्या लॉजच्या टीव्हीवर पाहतो. रितेश-जेनेलिया यांचा पहिला चित्रपट २००३ चा आणि लग्न २०१२ चं. त्यांच्या खाजगी आयुष्यात डोकवायचं आपल्याला कारण नाही, पण पहिलं काम आणि लग्न यांच्यामध्ये एवढा काळ जाऊ शकतो, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. लेखकाला तिथे भरपूर लिहिता येतं.

शेवटी दोघांना एकत्र आणा. मुखपृष्ठावर ‘प्रेमकादंबरी’ असं छापून वाचकाच्या हातात ताटातूट ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. निदान एकत्र येण्याची स्पष्ट आशा तरी हवी. एकाने करिअर सोडून दुसऱ्यामागे जाणं हा मात्र सोपा शेवट झाला, आणि त्यात सोडणारी नेहमी तीच का असते, हे स्वतःला विचारा.

सातवी पायरी: खऱ्या माणसांपासून अंतर

तुमच्या डोक्यात एखादी खरी जोडी असेल तर ती लिहिण्याआधीच काढून टाका. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, मालिकेचा विषय, गाजलेला प्रसंग यांवरून माणूस ओळखू येतो आणि बदनामीचा दावा होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसांचं आयुष्य त्यांचं आहे. चॅनेल आणि निर्मितीसंस्थाही काल्पनिक ठेवा. चित्रनगरी, मेनवलीचा घाट, घोडबंदर रोड ही ठिकाणं मात्र खुशाल खरी.

आठवी पायरी: लिहून झाल्यावर

पन्नास-साठ हजार शब्दांची कादंबरी पहिल्या वेळेला पुरेशी. मसुदा झाला की दोघांना वाचायला द्या: एक सेटवर काम करणारा, दुसरा ज्याने सेट कधी पाहिलेला नाही असा. पहिला चुका काढेल. दुसरा कुठे अडखळला ते बघा, तिथे तुम्ही सेटची भाषा न समजावता वापरली आहे.

प्रसिद्धीचे रस्ते बरेच आहेत. प्रतिलिपी या ऑनलाइन मंचावर प्रकरणागणिक टाकली तर वाचक लगेच प्रतिक्रिया देतात, आणि मालिकेची गोष्ट क्रमशः वाचायला मजा येते. कादंबरीतला एखादा स्वतंत्र तुकडा कथा म्हणून दिवाळी अंकाला पाठवा, तोही काही महिने आधी. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा अजून नव्या लेखकाला संपादकाच्या टेबलापर्यंत नेते. छापील पुस्तकासाठी प्रकाशकाकडे तीन प्रकरणं आणि दोन पानी सारांश पाठवा, ते मागतील तेव्हाच सगळं हस्तलिखित. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

करारावर सही करण्याआधी एवढं पाहा. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी केली नाही तरी. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, आणि चित्रपट-मालिका-वेबसिरीज हे सगळे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. ‘सर्व हक्क’ असं मोघम वाक्य दिसलं तर थांबा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवण्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून मुदत किती आहे ते शोधून वाचा. सेटवरच्या प्रेमाची कादंबरी कुणा निर्मात्याला पडद्यावर आणावीशी वाटणं अगदी शक्य आहे, तेव्हा दृश्य माध्यमाचे हक्क पुस्तकाच्या प्रकाशकाला सहज देऊन टाकू नका. ते स्वतःकडे ठेवा आणि वेळ येईल तेव्हा, वकिलाला दाखवून, स्वतंत्र करार करा.